‘विराम’ या शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चालू असलेली गोष्ट थोडा वेळ थांबली हे सांगायला मराठीत शब्दांची वाण नाही. विराम, विसावा, खंड, मध्यंतर, उसंत, उघडीप, तहकुबी, स्थगिती असे कितीतरी आहेत. त्यांतला ‘विराम’ फार जुना आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. शाळेत चिन्हांपुरता शिकवला जातो आणि नंतर बातम्यांच्या मथळ्यांत भेटतो. एवढ्यावर त्याची ओळख थांबू नये, म्हणून ही उत्तरे सविस्तर दिली आहेत.

‘विराम’ म्हणजे नेमके काय?

चालू क्रिया थांबणे किंवा थांबवणे. बोलणे, वाचन, लढाई, लेखन, प्रवास, कशालाही विराम असू शकतो. हे थांबणे किती वेळाचे, ते मात्र शब्द स्वतः सांगत नाही. म्हणूनच त्याच्यामागे स्वल्प, अर्ध, पूर्ण अशी विशेषणे लावावी लागली.

तरीही आजच्या मराठीत नुसता ‘विराम’ म्हटला की गोष्ट पुन्हा सुरू होणार, असे ऐकणारा धरून चालतो. ‘हे सदर काही आठवडे विराम घेत आहे’ असे वाचून कोणी ते कायमचे बंद पडले असे समजत नाही. कायमचे संपवायचे तर आपण ‘पूर्णविराम’ म्हणतो. चर्चेला पूर्णविराम मिळतो, कारकिर्दीला पूर्णविराम दिला जातो. ‘पूर्ण’ जोडल्याशिवाय शेवट कळत नाही, म्हणजे एकट्या ‘विरामा’ने तात्पुरतेपणाचा अर्थ पक्का धरला आहे.

शब्द आला कुठून?

संस्कृतातून, जसाच्या तसा. ‘वि’ हा उपसर्ग आणि ‘रम्’ हा धातू. आपल्या रमणे, रम्य, रमणीय, मनोरम, रममाण या शब्दांच्या मुळाशी असलेला तोच हा ‘रम्’.

‘रम्’ म्हणजे तर रमणे, आनंद घेणे. त्यातून थांबणे कसे निघाले?

बहुतेकांना इथेच कोडे पडते. ‘वि’ लागला की अर्थ उलटतो, रमणे संपले की विराम, असे उत्तर सहसा मिळते. ते सोपे आहे, पण पुरेसे नाही, कारण उपसर्ग नसतानाही या धातूला ‘थांबणे, स्थिरावणे’ हा अर्थ फार जुन्या काळापासून आहे.

याचा सुंदर पुरावा ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलात, तेहतिसाव्या सूक्तात सापडतो. विश्वामित्र भरतांच्या टोळीबरोबर, गाड्या आणि रथ घेऊन विपाश आणि शुतुद्री या नद्यांच्या संगमाशी येतो. आजच्या बियास आणि सतलज त्या याच. पाणी जोरात वाहते आहे आणि पलीकडे जायचे आहे. तो नद्यांना विनवतो : ‘रमध्वं मे वचसे सोम्याय’. माझ्या या सोमासारख्या गोड बोलण्यासाठी मुहूर्तभर थांबा. ‘रमध्वम्’ म्हणजे इथे ‘आनंद करा’ नव्हे, ‘थांबा’. पुढे तो आणखी नेमके मागणे मागतो : रथाच्या आसाखाली उतरा, म्हणजे ओलांडता येईल. नद्या ऐकतात. भरत पार होतात. मग तोच ऋषी त्यांना सांगतो की आता पुन्हा फुगा, पात्रे भरून घ्या आणि वेगाने जा.

विनंतीवरून थांबणे, काम होईपर्यंतच थांबणे आणि नंतर मूळ वेगाने निघणे. तात्पुरत्या विरामाचे याहून नेमके चित्र मला कुठे सापडलेले नाही.

तेव्हा क्रम असा दिसतो : आधी स्थिरावणे, मग स्थिरावल्यामुळे मिळणारे सुख. मराठीतल्या ‘रमणे’त दोन्ही शिल्लक आहेत. ‘नव्या गावात त्याचे मन रमत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याला मजा येत नाही यापेक्षा त्याचे मन तिथे ठरत नाही, हेच सांगायचे असते.

मग ‘आराम’ही त्याच धातूचा का? तो तर फारसी शब्द आहे ना?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. संस्कृतात ‘आराम’ म्हणजे बाग, मन रमवण्याची जागा. बौद्ध भिक्षूंच्या निवासाला ‘संघाराम’ म्हणत, तो हाच. ‘विश्रांती’ या अर्थाचा ‘आराम’ मात्र आपल्याकडे फारसीतून आला. पण संस्कृत आणि फारसी एकाच घराण्यातल्या भाषा आहेत. फारसी ‘आराम’च्या मुळाशी असलेला इराणी धातू संस्कृत ‘रम्’चा सख्खा भाऊ आहे आणि पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, अवेस्तातही ‘रामन्’ म्हणजे शांतता. त्यामुळे परका म्हणून आलेला हा शब्द नात्यातलाच निघतो.

‘विश्राम’ आणि ‘विराम’ एकच का?

नाही. ‘विश्राम’, ‘विश्रांती’ हे ‘श्रम्’ धातूचे. तिथे आधी श्रम गृहीत असतात आणि थांबणे थकव्यासाठी असते. विरामाला थकव्याची अट नाही. शाळेच्या मैदानावर ‘सावधान’नंतर ‘विश्राम’ म्हणतात, कारण तिथे शरीराचा ताण सैल करायचा असतो. त्या जागी ‘विराम’ चालणार नाही.

‘विश्राम’चेच घरगुती रूप म्हणजे ‘विसावा’. ग्रामचा गाव झाला, नामचे नाव झाले, तसाच विश्राममधला ‘म’ झिजून ‘व’ झाला. हा शब्द वारकऱ्यांनी फार जपला आहे. पालखीच्या वेळापत्रकात ‘विसावा’ आणि ‘मुक्काम’ वेगळे छापलेले असतात. वाटेत घटकाभर टेकायचे तो विसावा आणि रात्र काढायची तो मुक्काम. ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला पोहोचते तो मुक्काम. त्याआधी वाटेत ठिकठिकाणी होतात ते विसावे.

‘अविरत’ आणि ‘उपरती’ यांचाही संबंध आहे का?

आहे. ‘विरत’ म्हणजे थांबलेला. जो थांबत नाही तो ‘अविरत’. ‘अविरत परिश्रम’ लिहिताना आपण ‘विराम न घेता केलेले परिश्रम’ असेच लिहीत असतो.

‘उपरती’त उपसर्ग ‘उप’ आहे. मूळ अर्थ थांबणे, निवृत्त होणे. मराठीत तिला पश्चात्तापाची छटा आली, कारण वाईट मार्गावर चालणारा माणूस थांबतो तो बहुधा आतून काही उमगल्यावरच.

‘आरंभ’ मात्र या कुळातला नाही. आरंभ आणि विराम जोडीने येतात म्हणून अनेकांना ते सख्खे वाटतात, पण आरंभाचा धातू ‘रभ्’.

जुन्या संस्कृत-पाली वापरात विराम तात्पुरता असतो की कायमचा?

बऱ्याचदा कायमचा. भर्तृहरीच्या नीतिशतकातला श्लोक अनेकांना पाठ असतो : विघ्नांच्या भीतीने नीच लोक कामाला हातच घालत नाहीत आणि ‘प्रारभ्य विघ्नविहता विरमन्ति मध्याः’. मध्यम प्रतीची माणसे सुरुवात करतात, पण विघ्न आले की थांबतात. इथले ‘विरमन्ति’ म्हणजे दम खाणे नव्हे, काम सोडून देणे.

संस्कृत शिकलेल्यांना ‘पापात् विरमति’ हे पंचमीचे उदाहरण आठवेल. ज्याच्यापासून थांबायचे त्याची पंचमी विभक्ती होते, म्हणून ‘पापापासून परावृत्त होतो’. जैन परंपरेत तत्त्वार्थसूत्र व्रताची व्याख्याच या शब्दाने करते : हिंसा, असत्य, चोरी, अब्रह्म (ब्रह्मचर्याचा भंग) आणि परिग्रह (संचय) यांपासूनची ‘विरति’ म्हणजे व्रत.

हाच शब्द आज महाराष्ट्रात लाखो घरांत मोठ्याने उच्चारला जातो, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते. बौद्धांचे पंचशील म्हणताना ‘पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि’ हे पहिले शील येते. त्यातले ‘वेरमणी’ हे पाली रूप ‘विरमण’चेच. जीवहिंसेपासून दूर राहण्याची शिकवण मी ग्रहण करतो, असा त्याचा आशय. पाचही शिलांत हा शब्द येतो : हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटे बोलणे, मद्य, प्रत्येकापासून वेरमणी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली, त्यानंतर खेड्यापाड्यांतल्या विहारांतून हे शब्द रोजचे झाले. ज्यांना संस्कृत शिकू दिले गेले नाही त्यांच्याच नातवंडांच्या तोंडी हा प्राचीन धातू आज सर्वांत जिवंत आहे, याचे मला मोल वाटते.

पाणिनीने विरामाबद्दल काही सांगितले आहे का?

हो, आणि अगदी थोडक्यात. ‘विरामोऽवसानम्’ (१.४.११०). उच्चार थांबतो त्या जागेला ‘अवसान’ म्हणायचे. एवढ्या छोट्या व्याख्येवर बरेच काही उभे आहे. ‘रामस्’मधला शेवटचा ‘स्’ बोलणे थांबताना टिकत नाही, त्याचा विसर्ग होतो आणि आपण ‘रामः’ म्हणतो. पुढे शब्द आला तर त्याच ‘स्’चे वेगळेच काही होते : ‘रामो गच्छति’, ‘रामस्तत्र’. म्हणजे बोलणारा कुठे थांबतो यावर शब्दाचे रूप ठरते.

आणखी एक गंमत : संस्कृत क्रियापदांचे प्रत्यय दोन प्रकारचे, आत्मनेपदी आणि परस्मैपदी. नुसता ‘रम्’ आत्मनेपदी, म्हणून ‘रमते’. ‘वि’ लागला की परस्मैपदी, म्हणून ‘विरमति’. त्यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्र दिले आहे (१.३.८३).

मराठीत विरामचिन्हे कधी आली? त्याआधी लोक कसे वाचत?

संस्कृत पोथ्यांत दंड होते. श्लोकाच्या अर्ध्यावर एक, शेवटी दोन. मोडी कागदांत तेही क्वचितच. लिहिणारा आधी कागदावर आडव्या रेघा ओढून घेई आणि त्यांना लटकवत अक्षरे लिही. दोन शब्दांत जागा सोडण्याचीही पद्धत नव्हती. मोडी वाचायला शिकणारा आजही पहिल्यांदा अडतो तो इथेच : शब्द कुठे तुटतो आणि वाक्य कुठे संपते?

तरी जाणकार सहज वाचत, कारण मराठी वाक्याला स्वतःचे थांबे आहेत. क्रियापद शेवटी येते. ‘येऊन’, ‘करून’, ‘घेऊन’ ही रूपे श्वास घ्यायला जागा देतात. शिवाय ठरलेली वाक्ये असत. ‘बहुत काय लिहिणे’ आले की मजकूर आटोपला. शिवाजी महाराजांच्या पत्रांत शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ अशी लहान मुद्रा उमटवलेली दिसते. मजकुराची मर्यादा इथे संपली, यापुढे कोणी काही घुसडले तर ते अधिकृत नाही. पूर्णविरामाचे काम शिक्का करत होता आणि ते अधिक कडकपणे करत होता.

छापखाने आले, शाळांची पुस्तके निघू लागली, तेव्हा अनोळखी वाचकाला मजकूर एका वाचनात समजावा ही गरज निर्माण झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६चे. विरामचिन्हे रुजवण्याचे मोठे श्रेय मात्र मेजर थॉमस कँडी यांचे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात ते सहभागी होते, शालेय पुस्तकांच्या भाषेवर त्यांचा हात फिरला होता आणि ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही त्यांची पुस्तिका १८५०ची. चिन्हे इंग्रजी वळणाची, पण नावे मराठी-संस्कृत, ही तडजोड मला फार समंजस वाटते.

‘स्वल्पविराम’ बरोबर की ‘अल्पविराम’?

मराठीत ‘स्वल्पविराम’. ‘सु’ अधिक ‘अल्प’, म्हणजे अगदी थोडा. ‘अल्पविराम’ हे त्याच चिन्हाचे हिंदी नाव. अर्थामध्ये फरक नाही, पण परीक्षेत आणि छपाईत मराठी नाव वापरावे. हिंदीत पूर्णविरामासाठी उभा दंड वापरतात, आपण टिंब देतो.

वापराबद्दल एवढेच : कर्त्यानंतर उगाच स्वल्पविराम देऊ नका. ‘माझ्या बहिणीने, काल पत्र पाठवले’ यात त्याला काही काम नाही. अर्धविराम आज मागे पडला आहे. दोन पूर्ण वाक्ये एकमेकांना टेकून उभी असतील, तर त्याच्याइतके योग्य चिन्ह नाही. तो वापरात राहावा असे मला मनापासून वाटते.

कवितेतला विराम कोणता?

त्याला ‘यती’ म्हणतात. प्राचीन छंदशास्त्रकार पिंगलाची व्याख्या दोन शब्दांची : ‘यतिर्विच्छेदः’. प्रत्येक मोठ्या वृत्तात तिची जागा ठरलेली असते. शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरानंतर, शिखरिणीत सहाव्यानंतर, मालिनीत आठव्यानंतर. मंदाक्रांतेत ती दोनदा येते, चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर. मेघदूताची पहिलीच ओळ मोठ्याने म्हणून पाहा :

कश्चित्कान्ता । विरहगुरुणा । स्वाधिकारात्प्रमत्तः

पहिली चार अक्षरे सगळी गुरू, जड पावलांनी येतात. मग थांबा. पुढच्या सहांतली पाच लघू, धावत जातात. पुन्हा थांबा. मग सात अक्षरांचा झोका. मधले दोन थांबे काढून सलग म्हटले तर हीच ओळ सपाट होते. यती शब्दाच्या मधोमध पडली तर तो ‘यतिभंग’, म्हणजे दोष.

‘युद्धविराम’, ‘शस्त्रसंधी’ आणि ‘तह’ यांत फरक काय?

युद्धविराम म्हणजे गोळीबार थांबणे. शस्त्रसंधी म्हणजे तसे थांबण्याचा उभय पक्षांचा करार. वृत्तपत्रे हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरतात. तह मात्र वेगळा : तो युद्धच संपवतो.

काश्मीरमध्ये १ जानेवारी १९४९ला युद्धविराम लागू झाला. त्याच वर्षी २७ जुलैच्या कराची करारात युद्धविराम रेषा नकाशावर आखली गेली आणि १९७२च्या सिमला करारानंतर बदललेल्या रेषेला ‘नियंत्रण रेषा’ म्हणू लागले. कोरियात २७ जुलै १९५३ला शस्त्रसंधी झाली. शांततेचा तह अजून झालेला नाही, त्यामुळे तो ‘तात्पुरता’ विराम सत्तर वर्षांहून अधिक चालला आहे.

‘युद्धबंदी’ हा शब्द शक्यतो टाळावा. कोणी तो युद्ध थांबणे या अर्थाने वाचतो, कोणी पकडलेला सैनिक या अर्थाने.

खंड, मध्यंतर, उसंत, तहकुबी, स्थगिती… यांतला कोणता कधी वापरायचा?

नामाकडे नव्हे, त्याच्या क्रियापदाकडे पाहा. मराठीने सगळा फरक तिथे ठेवला आहे.

विराम आपण घेतो किंवा देतो, म्हणजे त्यात इच्छा आहे. खंड पडतो, कोणी तो पाडायचे ठरवलेले नसते. आजारपणामुळे शिक्षणात खंड पडतो आणि पुढच्या प्रवेशाला बऱ्याचदा त्याचे कारण द्यावे लागते. गायकाने वर्षभर मैफली न करण्याचे ठरवले तर तो विराम आणि आवाज बसल्यामुळे मैफली राहिल्या तर तो खंड. उसंत मिळते, बहुधा मागूनही मिळत नाही. मध्यंतर होते, ठरल्या वेळी, नाटकाच्या अंकांमध्ये. स्थगिती वरून येते : न्यायालय देते, मंत्री देतात. सभा तहकूब करतात. हा शब्द अरबी-फारसी वळणाचा आणि कामकाजापुरता आहे. सभागृहाची बैठक तहकूब झाली तर ती त्याच अधिवेशनात पुन्हा भरते. राज्यपालांनी सत्रसमाप्ती केली तर अधिवेशनच संपते. दोन्हींना ‘अधिवेशन गुंडाळले’ म्हणणे चुकीचे.

पावसासाठी तर वेगळेच शब्दभांडार आहे आणि ते शेतकऱ्याने घडवले आहे. पाऊस उघडीप देतो तेव्हा बरे वाटते, कोळपणी-खुरपणी उरकून घेता येते. पाऊस ओढ देतो तेव्हा काळजी सुरू होते. पाऊस दडी मारतो तेव्हा पिके माना टाकतात. थांबणारा तोच आणि थांबणेही तेच, पण शेताला त्याचे काय होते त्यावरून शब्द बदलतो. इथे ‘पावसाने विराम घेतला’ असे कोणी लिहिले की वाचताना खटकते, कारण त्यात शेत कुठेच नसते.

संगणकावर ‘विरामा’ नावाचे चिन्ह दिसते. ते काय आहे?

अक्षराचा पाय मोडण्याचे चिन्ह, म्हणजे ‘क्’मधली खालची तिरपी रेघ. युनिकोडच्या तक्त्यात त्याचे नाव ‘विरामा’ आहे. ‘क’मध्ये ‘अ’ अध्याहृत असतो, हे चिन्ह तो थांबवते. जोडाक्षरे बनतात ती याच्याच जोरावर. ‘क’, पाय मोडण्याचे चिन्ह आणि ‘ष’ अशा तीन कळा दाबल्या की ‘क्ष’ उमटतो. ‘विठ्ठल’ लिहितानाही पहिल्या ‘ठ’नंतर हेच चिन्ह द्यावे लागते. शब्दाच्या शेवटी मात्र आजच्या शुद्धलेखनात ते सहसा देत नाहीत : अर्थात, क्वचित, विद्वान असेच लिहावे.

लिंग आणि सामान्यरूप?

‘विराम’ पुल्लिंगी : तो विराम, विरामाचा, विरामानंतर. ‘विरामचिन्ह’ नपुंसकलिंगी : ते चिन्ह, ती चिन्हे. ‘विरमणे’ हे क्रियापद कवितेत चालते, बोलण्यात नाही. पत्राच्या शेवटी ‘लेखणीला विराम देतो’ लिहिण्याची पद्धत जुनी आहे आणि ती आजही शोभते.